रविवारची पाचवी डिश

हर्षा, आधी भांडण, मग बाकीचं.

असं कोण जातं गो? शुक्रवारी संध्याकाळी तू पाच डिश फ्रीजमध्ये ठेवल्यास, झाकणांवर माशांची नावं लिहिलीस, मला दम दिलास, "सोमवारी ये आणि गपचूप मोज, आधी हात लावलास तर बघ," आणि रविवारी सकाळी तुझ्या दादाचा मेसेज, की हर्षा उठलीच नाही. ह्याला काय अर्थ आहे? राग आला की माझ्या तोंडात आईची मालवणी येते, हे तुला माहीत आहे. गेले काही आठवडे मी तुझ्या रिकाम्या स्टुलाशी मालवणीत भांडतोय. आपली ज्युनियर रचना परवा आत येत होती, तिने ते बघितलं आणि दार हळूच परत लावून घेतलं.

शोकसभेत सगळे तुला शिस्तप्रिय म्हणाले. मला हसू आवरेना. शिस्तप्रिय? लॅबच्या स्लिपर पायात तशाच ठेवून वर्सोव्याला घरी पोचलेली बाई तू. चष्मा डोक्यावर आणि शोधतेय फ्रीजरमध्ये. शिस्त-बिस्त काही नव्हती तुझ्यात. तू संशयी होतीस, एक नंबरची संशयी. कोणी आनंदाची बातमी घेऊन आलं की तुझा पहिला प्रश्न ठरलेला: "रिकामे मणी टाकलेस का?"

तू म्हणशील, हे मलाच काय सांगतोस. तुला नाही सांगत. हे छापून येणार आहे, आणि आपण दोघं अंधेरीतल्या त्या खोलीत इतकी वर्षं काय करत होतो ते वाचणाऱ्यांना कळायला नको? टीबीचा जंतू फुप्फुसात शिरला की आपल्या भक्षक पेशी त्याला गिळतात आणि एका पिशवीत कोंडून ठेवतात. मग आम्लाने भरलेली दुसरी पिशवी येऊन त्या पिशवीला मिळते आणि जंतूचा खेळ खलास. साधे जंतू असे मरतात. टीबीचा मरत नाही. तो आतून स्वतःची प्रोटीनं बाहेर सोडतो, ती जाऊन आपल्या पेशीच्या प्रोटीनांना धरतात, आणि आम्लाची पिशवी वाटेतच अडकते. मग हा पठ्ठ्या पगडीच्या भाडेकरूसारखा आत ठाण मांडून बसतो.

जंतूचं कुठलं प्रोटीन आपल्या कुठल्या प्रोटीनला धरतं, हे शोधणं आपलं काम. जिवंत टीबीचे जंतू आपल्याकडे नव्हतेच, तशी परवानगी नव्हती. एकेक प्रोटीन साध्या, निरुपद्रवी जंतूकडून बनवून घ्यायचं, ते बारीक मण्यांवर चिकटवायचं, माणसाच्या पेशी फोडून त्यांचा रस त्यावर ओतायचा, धुवायचं, आणि मण्यांना काय चिकटून राहिलं ते बघायचं. शेजारी एक नळी नुसत्या मण्यांची, वर काहीच न लावलेली. त्यांनाही जे चिकटतं तो कचरा समजायचा. हे झाले तुझे रिकामे मणी. महाकंटाळवाणं काम, सगळेच टाळायला बघतात. तू कधी टाळलं नाहीस आणि आम्हाला टाळू दिलं नाहीस.

माझं पहिलं घवघवीत यश आठवतंय? तीन वेळा प्रयोग केला, तिन्ही वेळा तेच प्रोटीन, ठसठशीत. मी पार्ल्याहून पेढे आणले. तू एक पेढा तोंडात टाकलास, माझा कागद वाचलास, पेढा नीट संपवलास, आणि म्हणालीस, "विज्या, हे तुझं कातडं आहे."

केराटिन. माणसाच्या त्वचेतलं, केसातलं प्रोटीन. माझ्याच मनगटावरचा, डोक्यातला कोंडा नळीत पडला होता आणि त्या जोरावर मी जग जिंकायला निघालो होतो. "रिकामे मणी टाकले असतेस ना, तर त्यांच्यावर पण तूच दिसला असतास," तू म्हणालीस. मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही. तेवढ्यात तू उरलेले पेढे घरी नेलेस आणि आख्ख्या गल्लीत 'विज्याच्या कातड्याचे पेढे' म्हणून वाटलेस. आजही तुझ्या गल्लीत मला बघून दोन बायका पदराआड हसतात. कालही हसल्या, आणि मग एकदम रडायला लागल्या.

मग कधीतरी बंड्या आला.

जंतूचं ते प्रोटीन, ज्याला फक्त एक नंबर होता आणि ते काय करतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. तूच त्याचं बारसं केलंस. आणि मला तो ज्या प्रोटीनला चिकटलेला सापडला, ते आम्लाची पिशवी ओढून आणणारं माणसाचं प्रोटीन, त्याचं नाव कमळी. बंड्याने कमळीला धरलं की पिशवी येणार नाही, जंतू वाचणार. किती सुरेख बसत होतं सगळं! रिकामे मणी टाकले होते, स्वच्छ निघाले होते. हातमोजे कोपरापर्यंत घातले होते. मी तुला म्हटलं, बोल आता.

तू चष्मा डोक्यावरून खाली ओढून सगळे कागद पाहिलेस. मग म्हणालीस, "लफडं आहे हे मान्य. पण हे जिवंतपणी भेटतात का?"

झालं. तिथून जी जुंपली ती संपलीच नाही. तुझं म्हणणं, पेशी फोडून रस काढला की आतली सगळी खोल्या-दारं मोडतात. जे जन्मात एकमेकांचं तोंड बघणार नाहीत ते एका नळीत येतात. "विसर्जनाच्या गर्दीत कोणाचा हात कोणाच्या खांद्यावर पडला, म्हणून काय सोयरीक जुळवायची?" मी म्हणायचो, तू लग्नं मोडणारी आत्याबाई आहेस. तू म्हणायचीस, मोडण्यासारखी असतील तर मोडलेलीच बरी. मी कंप्यूटरवर कमळीचं चित्र काढून तिच्या अंगावरची एक खाच दाखवली, बंड्याचा हात इथेच बसतो म्हणून. मार्करने ती खाच कपाटाच्या पत्र्यावर रंगवली पण. तू म्हणालीस, "आता पत्रिका पण कंप्यूटरच बघणार का?" आणि रचनासमोर इतकी हसलीस की मी चहा न पिता उठून गेलो.

बाहेरून कोणी मोठे शास्त्रज्ञ यायचे आणि पडद्यावर टीबीच्या आणि माणसाच्या प्रोटीनांचे नकाशे दाखवायचे. सगळीकडे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघाच रेघा. माणसं वा वा करायची. तू मागून हात वर करायचीस आणि अगदी गोड आवाजात विचारायचीस, "सर, ह्यातल्या किती जोड्या जिवंत पेशीत एका जागी असतात?" एकदा एका सरांनी घाम पुसला होता. माझी मान खाली, आणि आतून मात्र असं वाटायचं की उठून शिट्टी मारावी. हे तुला कधी बोललो नाही. बोललो असतो तर तू म्हणाली असतीस, मग मार ना, घाबरतोस कशाला.

पेपर लिहून तयार झाला तेव्हा तू माझ्या टेबलावर बसून सांगितलंस, "माझं नाव घालू नकोस. जिवंत पेशीत दाखव, मग घाल." मी भडकलो. मी म्हटलं, अगो, सगळं जग एवढ्या पुराव्यावर छापतं, तुला एकटीलाच काय वेगळं पाहिजे? तेव्हा तू दादाची गोष्ट सांगितलीस. त्याला टीबी झाला होता हे मला माहीत होतं, त्याला ऐकू येत नाही हे पण दिसत होतं. पण कसं झालं ते माहीत नव्हतं. टीबीवरच्या कसल्यातरी नव्या शोधाची बातमी त्याने वाचली, आणि आता गोळ्यांची गरज नाही असं कोणीतरी त्याला पटवलं. त्याने गोळ्या मध्येच सोडल्या. टीबी परत आला तो औषधांना न जुमानणारा होऊन. मग महिनोन्महिने इंजेक्शनं. त्यांनी जीव वाचवला आणि कान नेले.

"ज्याने तो शोध लावला ना, तो काही खोटारडा नसेल," तू म्हणालीस. "तुझ्यासारखाच असेल. खूश झाला असेल. पेढे आणले असतील."

मी पेपर पाठवला नाही. पण तोंडाने मान्य केलं नाही, आणि तू पण मागे हटली नाहीस. बंड्या खरा की खोटा, हा प्रश्न आपल्या दोघांच्या मध्ये तिसऱ्या माणसासारखा बसून राहिला. खरा असेल तर त्या दोघांचा हात सोडवणारं औषध उद्या कोणीतरी शोधू शकेल. खोटा असेल तर मी माझी सगळी उमेदीची वर्षं एका नळीतल्या योगायोगावर घालवली. सोपी गोष्ट नव्हती गं ती माझ्यासाठी. तुला कळत होतं, म्हणूनच तू त्यावरून कधी मस्करी केली नाहीस. बाकी सगळ्यावरून केलीस.

शेवटी प्रयोग तूच आखलास. हिरवं चमकणाऱ्या प्रोटीनचे दोन तुकडे करायचे. एक बंड्याला जोडायचा, एक कमळीला. जिवंत भक्षक पेशीत दोघांना सोडायचं. ते एकमेकांना भेटले तरच तुकडे जुळणार आणि पेशी हिरवी दिसणार. मग पेशी रसायनाने आहेत तशा थिजवून फ्रीजमध्ये ठेवायच्या, सावकाश मोजायला. पण तुला तेवढ्यावर समाधान कुठलं? तुकडे आपले आपणच चिकटले तर? म्हणून दुसऱ्या डिशमध्ये हात कापलेला बंड्या, म्हणजे कमळीला धरणारा भागच काढून टाकलेला. तिसऱ्यात कमळीच्या जागी कोणीतरी भलतीच. चौथ्यात नुसत्या पेशी, म्हणजे तुझे रिकामे मणीच, दुसऱ्या रूपात. पहिली डिश हिरवी आणि बाकीच्या काळ्या, तर मी जिंकलो. दुसरी किंवा तिसरी पण हिरवी झाली, तर बंड्याला मूठमाती.

आणि मोजणार मी, पण कुठल्या डिशमध्ये काय आहे ते मला कळता कामा नये. माणूस आपल्याला हवं तेच मोजतो म्हणून. नावं बदलणार तू. मी म्हटलं, कुठलं नाव कोणाचं ते कुठेतरी लिहून ठेव. तू म्हणालीस, "लिहिलं की तू वाचणार. माझ्या डोक्यात आहे, तिथे राहू दे."

काय हुशारी केलीस! घेऊन गेलीस ना डोक्यातच?

तू गेलीस त्या सोमवारी मी लॅबला गेलो. सगळे म्हणाले, कशाला आलास, घरी जा. दिंडोशीच्या माझ्या खोलीत चार भिंती बघत बसून काय करणार होतो? आणि तू सोमवारी मोज म्हणाली होतीस. फ्रीज उघडला. बोंबील, मांदेली, सुरमई, हलवा, बांगडा. तुझं ते तिरकं अक्षर. चार हव्या होत्या, पाच होत्या. मला त्याचं काही वाटलं नाही. मोजणारा दोन्ही वेळा सारखंच मोजतो का हे बघायला तू एखादी डिश दोनदा ठेवायचीस, ही तुझी जुनी खोड.

मायक्रोस्कोपला डोळा लावला. बोंबील काळा. मांदेली काळी. सुरमई काळी. हलवा लावला, आणि हर्षा, काय सांगू तुला! पेशी न पेशी उजळलेली, आत हिरव्या ठिपक्यांची नुसती रांगोळी. बांगडा पुन्हा काळा. मी दोनदा मोजलं, रचनाला बोलावून तिच्याकडून मोजून घेतलं. पाचात एकच हिरवी. आणि ती कोण, हे सांगणारी तू नाहीस.

रचना हळूच म्हणाली, "सर, हलवाच बंड्या असणार. मॅडमना हलवा आवडायचा." मी तिच्यावर खेकसलो. तुला काय आवडायचं त्यावरून बंड्याचा निकाल लावायचा? तू ऐकलं असतंस तर आम्हाला दोघांनाही हाकलून दिलं असतंस. आणि मला खरं सांगायचं तर भीती वाटत होती. हलवा म्हणजे तो हात कापलेला बंड्या निघाला तर?

नशीब, त्याच नावांच्या नळ्या तू फ्रीजरमध्ये ठेवल्या होत्यास, प्रत्येक डिशमधल्या उरलेल्या पेशींच्या. त्यातून डीएनए काढून वाचायला पाठवला. कोणत्या नळीत कोण आहे ते त्या अक्षरांतून कळणार होतं. निकाल यायला वेळ होता, आणि मध्ये तुझा दहावा आला.

वर्सोव्याला आलो. तुमच्या घरासमोर मंडप, खुर्च्या, जाळी एका बाजूला सारलेली. दादा माझ्या शेजारी येऊन बसला. त्याला ऐकू येत नाही म्हणून तो मोठ्याने बोलतो, सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असा. म्हणाला, "एक इचारू? रयवारची कनाला बोलवत व्हता तिला? आख्खा पावसाला झाला, एक रयवार घरी थांबली नाय."

मी त्याला हातांनी, ओठांनी सांगितलं की आम्ही नव्हतं बोलावलं. रविवारी लॅब बंद असते, किल्ली फक्त तुझ्याकडे आणि माझ्याकडे. दादाने खुर्ची थोडी दूर सरकवली. त्याला वाटलं मी काहीतरी लपवतोय. मला वाटलं तू माझ्यापासून काहीतरी लपवलंस. आम्ही दोघं तिथे बसून तुझ्यावर रुसलो होतो बघ, तुझ्याच दहाव्याला.

त्याच्या पुढच्या मंगळवारी निकाल आला. रचना वाचत होती, मी कागदावर लिहून घेत होतो. बोंबील म्हणजे नुसत्या पेशी. मांदेली म्हणजे भलतीच बाई. सुरमई म्हणजे हात कापलेला बंड्या. हलवा म्हणजे आख्खा बंड्या आणि आख्खी कमळी.

जिवंतपणी भेटतात ते, हर्षा. तू हरलीस. मी खुर्चीवरून उठलो आणि सवयीने तुझ्या टेबलाकडे वळलो पण.

"सर, बांगडा राहिला," रचना म्हणाली. मी म्हटलं, तो ह्यातलाच कोणीतरी दोनदा असेल. ती म्हणाली, "नाही सर. बंड्या आख्खा आहे. कमळी वेगळी आहे."

मी स्क्रीनवर वाकलो. कमळीची बरीचशी अक्षरं जशीच्या तशी होती. एकाच ठिकाणी बदल होता, आणि ते ठिकाण मला पाठ आहे, कारण कपाटाच्या पत्र्यावर ते मीच रंगवलंय. ती खाच. माझी खाच, जिच्यावर तू पोट धरून हसलीस. तू ती बुजवली होतीस. मी तुला करायला सांगितलं नव्हतं. मला स्वतःलाच तेवढा विश्वास नव्हता, म्हणून मी ते काम कधी हातात घेतलं नाही. खाच बुजवलेली नवी कमळी घडवायची म्हणजे आठवडेच्या आठवडे, तू ते रविवारी एकटीने येऊन केलंस. आणि बांगडा काळा होता. बंड्या धडधाकट, पण हात बसवायला खाच नाही, तर हिरवं काही नाही. तरी पुढच्या दिवसांत मी तुझ्या धाकाने तपासलं, ती कमळी पेशीत नीट तयार होते का, आपल्या जागी जाते का. होते, जाते. फक्त बंड्या तिला धरू शकत नाही.

म्हणजे मी नुसता बरोबर नव्हतो, मी दाखवलेल्या जागी बरोबर होतो. आणि हे सिद्ध करणारी एकच डिश, ती तुझी.

त्या मंगळवारी तिथेच बसून मी रडलो, रचनासमोर, लाज न बाळगता. इतकी वर्षं मला वाटत होतं तू माझ्या विरुद्ध बाजूला आहेस. माझ्या बाजूने उभे राहणारे खूप होते गं, पाठीवर थाप मारणारे, 'झकास रे' म्हणणारे. त्यातला एकही रविवारी लॅबला आला नाही. माझ्या म्हणण्याला कोणी एवढं मनावर घेतलं नव्हतं, मी पण नाही. तू पावसाळाभर ते मोडायला जात होतीस, पूर्ण ताकदीने, आणि मोडलं नाही तर ते माझ्या हातात द्यायला. सोमवारी मी मोजलं असतं, तू नावं सांगितली असतीस, आणि बांगड्यापाशी आल्यावर माझा चेहरा बघत बसली असतीस. तो चेहरा बघायचा तुझा राहिला. तुझा चेहरा बघायचा माझा राहिला.

त्याच संध्याकाळी दादाकडे गेलो. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं, रविवारी ती माझं काम करत होती. त्याने वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं, आणि पापलेट तळलंय, जेवून जा म्हणाला. जेवलो.

आता एवढ्यावर पेपर पाठवणार नाही, घाबरू नकोस. "एकदाच केलंस? परत कर." ऐकू आलं मला. ह्या आठवड्यात सगळं पहिल्यापासून परत लावतोय, पाचही डिश. मोजणार मीच. नावं बदलायचं काम रचनाकडे दिलंय. माशांचीच नावं ठेव म्हटलं तिला.

आणि ह्या वेळी मात्र कुठलं नाव कोणाचं ते कुठेतरी लिहून ठेव, असं बजावलं. माणसाचा काय भरवसा.

ती झाकणावर नाव लिहीत होती, मान वर न करता म्हणाली, "दादांकडे देऊन ठेवते, सर. इथे ठेवलं तर तुम्ही वाचाल. मॅडमनी सांगून ठेवलंय."